बोटभर आत

माझ्या जिभेचं मला फार कौतुक होतं. आता ते आठवलं की कान गरम होतात. बावीस वर्षं मी आमच्या गावाच्या तटावरून पर्यटक फिरवते आहे, आणि जाताना लोक मला हेच सांगत आले, "बाई, काय बोलता हो तुम्ही! पाय दुखतायत हेच विसरलो." मी आपली फुशारून जायची. ही हकीकत माझी नाही, माझ्या मामाची आहे. पण तिच्यात मी जी माती खाल्ली ती सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही, म्हणून तेही सांगते.

मामा गवंडी. घरं बांधणारा नव्हे, तटाचा गवंडी. आमच्या जुन्या गावाला चहूबाजूंनी तट आहे, आणि समुद्राकडच्या टोकाला एक दांडगा गोल बुरूज, त्याला आम्ही समुद्रबुरूज म्हणतो. सहाशे वर्षांपूर्वीचं बांधकाम. एवढं जुनं म्हटलं की रोज कुठे ना कुठे काहीतरी सुटतंच. कुठे सांध्यातला चुना झडतो, कुठे झाडाचं मूळ शिरतं, कुठे एखादा दगड पोट काढून बाहेर येतो. हे सगळं बघायला नगरपालिकेनं मामाला ठेवलेलं, हाताखाली दोन माणसं. चाळीस वर्षं त्यानं ते काम केलं आणि चाळीस वर्षांत चाळीस वाक्यं बोलला असेल तर शप्पथ.

गाव त्याला ओळंबा म्हणायचं. भिंत उभी सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात ना, तो ओळंबा कायम त्याच्या खिशात. कुणाच्या लग्नाला गेला तरी खिसा लोंबलेला. मामी सांगायची, "हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आधी दाराची चौकट तपासली, मग माझ्याकडे बघितलं. चौकट वाकडी निघाली, तरी लग्न केलं बिचाऱ्यांनी!" मामा हे ऐकून नुसता हसायचा. तोंडावर मात्र सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत.

माझी आई एका हॉटेलच्या धोबीघरात दिवसभर चादरी धुवायची. शाळा सुटली की मला तटावर मामाच्या स्वाधीन केलं जाई. तो काम करायचा, मी वरच्या रस्त्यावरून पळायची. कोणत्या पायरीवर पाय घसरतो, कोणत्या खिडकीतून बंदर दिसतं, कुठल्या कोपऱ्यात वारा लागत नाही, मला सगळं पाठ झालं. मामा दुपारी तटाला पाठ लावून डबा खायचा आणि माझ्यासाठी अर्धा बाजूला काढायचा, स्वतःला पुरला नाही तरी. मोठी झाल्यावर मला कुठे नोकरी मिळेना, तेव्हा हाच माणूस हात धुऊन पर्यटन कचेरीत गेला आणि साहेबांना म्हणाला, "हिला तट पाठ आहे. ठेवून बघा." आयुष्यात त्यानं कुणाकडे शब्द टाकला तो तेवढाच. माझं घर ज्या भाकरतुकड्यावर चाललं तो त्या एका वाक्यानं मिळवून दिलेला आहे.

तट पाठ होता खरा, पण मला हौस गोष्टींची, कामाची नाही. दगड कसा बसवतात, चुना किती दिवस मुरवतात, मी कधी विचारलं नाही. हाताला चुना लागला की मी नाक मुरडायची.

आमच्या फेरीत एक वळण आहे. जमिनीकडचा दरवाजा बघून, ऐंशी पायऱ्या चढून, लोक वरच्या रस्त्याला लागतात आणि या वळणापर्यंत येतायेता त्यांची बॅटरी संपते. मुलं रडायला लागतात, बायका चपला काढतात, पुरुष घड्याळ बघतात. तिथे समोरच्या भिंतीत एक ठिगळ आहे, चांगलं दोन दारांएवढं. तिथले दगड बाकीच्या भिंतीपेक्षा बोटभर आत बसलेत. मामानं तरुणपणी केलेलं काम, माझ्या जन्माच्या वर्षीचं. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, असाच एक मरगळलेला घोळका समोर होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघा, सहाशे वर्षांपूर्वीच्या लोकांची भिंत कशी सरळ आहे! आणि मधलं हे आत गेलेलं ठिगळ आमच्या गावच्या गवंड्याचं. त्याचं नाव ओळंबा. त्या दिवशी नेमका ओळंबा घरी विसरला होता!"

अहो, काय हसले लोक! रडणारं पोरसुद्धा आई हसते म्हणून हसलं. झालं, मला गुरुकिल्लीच सापडली. त्या दिवसापासून रोज दोनदा, सुट्टीच्या दिवसांत चारदा, मी त्या वळणावर उभी राहून माझ्या मामाला वाकड्या हाताचा ठरवत आले. पुढे पुढे तर मी त्यात मीठमसाला घातला. ओळंबा शोधायला मामी कशी धावत आली, मुकादम कसा ओरडला, काय नि काय. सगळं खोटं. मामीच्या कानावर गेलं तेव्हा ती मामाला म्हणाली, "तुमची भाची तुमच्यावर लोकांना हसवते, काही बोला तिला." मामा म्हणाला, "हसू दे. चढून दमलेले असतात." मामीनंच मला हे सांगितलं, आणि मी बया त्यावरही हसले.

आता मामाच्या जिवाला काय लागलं होतं ते सांगते. समुद्रबुरूज. त्याला काम शिकवणारा जो म्हातारा गवंडी होता, त्याला सगळे आजोबा म्हणत. त्या आजोबांचाही बुरुजावर फार जीव, पण बुरूज इतका भक्कम की त्याला कधी हात लावायची वेळच आली नाही. आजोबा मरताना मामाला म्हणाले होते, "कधीतरी समुद्र त्याला पाडील. तेव्हा तू उचल." मामा रोज काम सुटल्यावर बुरुजापर्यंत चालत जायचा, हात फिरवायचा आणि घरी यायचा. आणि खरंच तीन वर्षांपूर्वीच्या वादळात बुरुजाची समुद्राकडची एक बाजू कोसळली. मामा त्या दिवशी दगडांकडे बघून लहान मुलासारखा रडला, आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून नगरपालिकेच्या बाकावर जाऊन बसला. त्याचं वय तेव्हा सदुसष्ट. एवढं एक काम हातून झालं की थापी ठेवून देतो, असं तो मामीला म्हणाला.

काम मामाच्या माणसांना द्यायचं की शहरातल्या मोठ्या कंपनीला, हे ठरवायला पाच जणांची समिती आली. त्यांना तट दाखवायचं काम अर्थातच माझं. आदल्या दिवशी मामा घरी आला. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि दारात चपला घालताना म्हणाला, "वळणावर जरा थांबव त्यांना. ते काम बघू दे. मी तिथंच उभा राहतो." मी म्हटलं, "अरे मामा, काळजी काय करतोस? मी आहे ना!"

हे "मी आहे ना" मला अजून ऐकू येतं.

समिती म्हणजे पाच आंबट तोंडं. ऊन चढलेलं. अध्यक्ष सारखे फोन बघत होते, चष्मेवाल्या बाईंना पायऱ्यांनी धाप लागलेली, उरलेले तिघे एकमेकांत पुटपुटत होते. मी दरवाज्याची गोष्ट सांगितली, कुणी ऐकेना. वेढ्याची सांगितली, कुणी हूं की चूं करेना. मला वाटलं, ही माणसं अशीच चिडलेली राहिली तर मामाला काम देतील कसली? यांना आधी खुलवलं पाहिजे. वळण आलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभा होता. मामीपुढे म्हणून म्हणून त्यानं चार वाक्यं पाठ केली होती, ती ओठांतल्या ओठांत घोळवत होता. आणि मी, सवयीनं म्हणा, घाबरून म्हणा, हात वर केला आणि सुरू झाले, "बघा, सहाशे वर्षांपूर्वीच्या लोकांची भिंत कशी सरळ आहे..."

पूर्ण सांगितलं. अगदी मामी धावत आली तेसुद्धा.

हसले. पाचही जण पोट धरून हसले. अध्यक्षांनी फोन खिशात घातला, डोळे पुसले आणि मामाकडे वळून म्हणाले, "काय मिस्त्री, खरं की काय? विसरला होतात ओळंबा?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. मग अध्यक्षांना म्हणाला, "हो साहेब. तरुण होतो तेव्हा."

पाठ केलेली चार वाक्यं त्याच्या पोटातच राहिली. समिती हसतखेळत पुढे गेली आणि मलाच शाबासकी देऊन परत गेली. पंधरा दिवसांत काम कंपनीला गेलं.

मामीनं समितीला इतके शिव्याशाप दिले की शेजारीण खिडकी लावून बसली. मी तिच्या हो ला हो केलं. "मेल्यांना कळतं काय," असं मीच म्हटलं! मनात कुठेतरी बोचत होतं, पण मी त्याला समजावत होते, मामाचं वय झालं, कंपनीकडे यंत्रं आहेत, माझ्या एका विनोदानं का कुठे एवढी मोठी कामं जातात? आणि शिवाय, त्यानं स्वतःच कबूल केलं की तो विसरला होता. म्हणजे मी काही खोटं बोलले नव्हते. किती सोयीचं असतं बघा. मामानं थापी ठेवून दिली, नगरपालिकेतून निवृत्त झाला आणि परत तटावर चढला नाही. विचारलं की म्हणायचा, गुडघे दुखतात.

कंपनीनं वर्षभरात बुरूज उभा केला. मी माझ्या फेऱ्या करत राहिले आणि हो, वळणावरचा विनोदही करत राहिले. तोंड उघडलं की तोच बाहेर पडायचा.

मग यंदा उन्हाळ्यात एका घोळक्यात एक साठीच्या बाई होत्या. तळहात मामासारखेच, फुटलेले, नखं कापून बारीक केलेली. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. पिशवीतून पेन्सिल काढून त्या ठिगळाच्या कडेला जाऊन बसल्या. जुन्या दगडाची कड आणि नव्याचा चेहरा यांच्यामध्ये त्यांनी पेन्सिल उभी धरली. मग वर, मग खाली, मग दुसऱ्या टोकाला. सगळीकडे अंतर तेवढंच, पेन्सिलीच्या दीड जाडीएवढं, ना कमी ना जास्त. वरच्या कडेला पाणी साचू नये म्हणून चुन्याचा बारीकसा उतार काढलेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ओळंबा विसरलेला माणूस इतका सारखा विसरत नाही हो," त्या मला म्हणाल्या. आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. "मी जुन्या भिंती दुरुस्त करायला शिकवते. जुन्याला नवं जोडताना थोडं आत बसवायचं, म्हणजे पुढच्यांना कळतं की कुठलं काम कुणाचं. आपलं काम जुन्यांच्या नावावर खपवायचं नाही. हे पोरांच्या गळी उतरवताना माझा जन्म गेला. ह्यांना कुणी शिकवलं? भेटतील का मला ते?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. उरलेली फेरी मी कशी पुरी केली देव जाणे. बुरुजाची तारीख चुकवली, एका माणसानं दुरुस्त केली.

तिथून तडक मामाकडे गेले. तो ओट्यावर बसून मामीच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठीक करत होता. मी दारातूनच म्हटलं, "मामा, ते बोटभर आत तू मुद्दाम केलंस?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं विचारलंस?" त्यानं पायाखाली लाकडाची चकती सरकवली, खुर्ची हलवून बघितली. "आजोबांचा नियम होता. जुन्याशी बरोबरी करायची नाही, बोटभर आत राहायचं."

"आणि त्या दिवशी समितीसमोर? तेव्हा तरी सांगायचंस ना रे! तुझा बुरूज होता तो!"

त्यानं चकती अंगठ्यानं आणखी आत दाबली. मग म्हणाला, "पाच मोठ्या माणसांसमोर, माझी भाची खोटं सांगते, असं म्हणू? तुझी नोकरी मीच लावलेली." आणि माझा चेहरा बघून घाईघाईनं, "ह्या खुर्चीवर बस बघू, डुगडुगते का सांग."

मी बसले नाही. मला तिथे बसायची लाज वाटली. लाज म्हणजे काय हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आपण चुकलो याची नव्हती ती. आपल्याला बावीस वर्षं कुणीतरी पदराखाली घेतलं होतं आणि आपण त्यालाच ओरबाडत होतो, याची होती. मामी आतून चहा घेऊन आली, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आजवर ती मला कधी ओरडल्याशिवाय राहिली नव्हती. त्या दिवशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या कचेरीत गेले. सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट. निदान कागदावर लिहा म्हटलं, की वळणावरचं काम बरोबर आहे, ती चूक नव्हे. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो बाई, पण त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं ना? आमच्या अहवालात तसं लिहिलंय." माझी अब्रू वाचवायला मामानं म्हटलेलं ते एक वाक्य सही-शिक्क्यानिशी त्याच्याविरुद्ध जाऊन बसलं होतं. मी गुपचूप उठून आले.

त्यानंतर चारआठ दिवसांनी मामाच म्हणाला, "मला एकदा वर घेऊन चल. बुरूज कसा केलाय बघू." एकट्यालाच ने, असं तो म्हणाला नाही, आणि माझी सकाळची फेरी ठरलेली, म्हणून लोकांबरोबरच निघालो. वीसेक माणसं होती. मामा सगळ्यांच्या मागे, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होता. वळणावर मी थांबले नाही. तोंड खाली घालून पुढे चालत राहिले. एकदोन जणांनी विचारलं, "इथं काही आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण मला नीट सांगता येत नाही."

बुरुजावर आलो. मी रोज तिथे लोकांना म्हणते, दगडाला हात लावून बघा, सहाशे वर्षं हा लाटा खातोय. त्या दिवशी म्हटलं नाही. मामा पुढे झाला, भिंतीजवळ गेला. कंपनीचं काम झकास होतं. नवे दगड जुन्यांच्या अगदी बरोबरीत, सांधे सारखे, रंगही घासून पुसून जुना केलेला. मामानं तळहात ठेवला, काढला. दोन पावलं सरकला, परत ठेवला. मग बोटं फिरवायला लागला, आधी हळू, मग भराभर. चाळीस वर्षं रोज हात फिरवलेली भिंत त्याला ओळखू येत नव्हती.

तो माझ्याकडे वळला. टोमणा नव्हता त्याच्या डोळ्यांत, आईशप्पथ. त्याला खरंच माहिती हवी होती.

"जुना कुठं संपतो गं?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी गाइड. गळ्यात बिल्ला.

"माहीत नाही रे मामा," मी म्हटलं.

दोघंतिघं हसले. माझी काहीतरी गंमत असणार, असं त्यांना वाटलं. मग मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "हसू नका. हा माझा मामा. ह्या तटाचा गवंडी. हा बुरूज ह्यानं बांधायचा होता, आणि ह्यानं बांधला असता तर आज मला बोट ठेवून दाखवता आलं असतं, की हा जुना आणि हा नवा. माझ्या खोट्या बडबडीमुळं ते काम ह्याच्या हातून गेलं. मी रोज लोकांना सहाशे वर्षं म्हणून ज्या दगडाला हात लावायला सांगते, तो गेल्या वर्षीचाही असेल. मला माहीत नाही."

एका बाईंनी दगडावरचा हात हळूच काढून घेतला. मामा तर असा कानकोंडा झाला की जणू चोरी त्यानंच केली होती. शर्टाची बाही खाली ओढत मला म्हणाला, "पुरे आता. लोकांना उन्हात उभं करू नकोस. पुढं घेऊन जा."

मी घेऊन गेले. पायऱ्यांपाशी लोकांना मोजायला वळले, तर मामा आला नव्हता. तो तिथंच होता, भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, आपला बुरूज शोधत.